अर्ध्या वॉर्डाशी अबोला

नील, तुझ्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी तुमच्या तिकडच्या इस्पितळातल्या नर्सने किती भीती वाटतेय ते विचारायला तुला एक कागद दाखवला. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची रांग होती आणि तू मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलंस, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मागून तुझी बहीण सानिका ओरडली, "आजी, तुमच्याकडे असतं का असं?" मी "असतं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग वाटलं, इतकं तुटक सांगून भागणार नाही. आमच्या कोल्हापुरात एका नर्सने चेहऱ्यांच्या जागी पाणी वापरलं होतं. त्या शालन सिस्टरांबद्दल मी तुम्हाला कधी काही सांगितलेलं नाही.

शालन कांबळे एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या सर्जरी वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. त्याच आवारातल्या नर्सिंग स्कूलमध्ये मी आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवायला जात असे. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बाई ठेंगणी, रुंद बांध्याची. आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला कुजबुजल्या तरी दुसऱ्या टोकाची म्हातारी "व्हय की" म्हणायची. पेन गॉजच्या पट्टीने कमरेला बांधलेलं असे, कारण "डॉक्टर लोक पेन मागून घेतात आणि मग त्याचंच ऑपरेशन करून टाकतात."

त्यांच्या वॉर्डात काही गोष्टी अशा चालत, ज्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. थंडीच्या दिवसांत बेडपॅन द्यायच्या आधी त्यावर गरम पाणी ओतून ते पुसून घ्यायचं. उपाशी ठेवलेल्या बाईसमोर कुणी चहा प्यायचा नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. आणि इंजेक्शन देताना "दुखणार नाही" असं म्हणायला सक्त मनाई. नवी मुलगी चुकून तसं म्हणाली की सिस्टर तिच्या हातातली सिरिंज काढून घ्यायच्या. "दुखंल, म्हणून सांग. दहा मोजायच्या आत थांबंल, ते पण सांग. एकदा खोटं बोललीस की तुझं दुसरं खरं कोण ऐकणार?"

पण त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे बसणं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्या लोखंडी स्टूल ओढत एकेका खाटेपाशी जायच्या आणि उद्या काय काय होणार ते सांगायच्या. मी दारात उभी राहून ते ऐकलेलं आहे.

"हे बघा मावशी, सकाळी तुम्हाला ढकलगाडीवर घालतील. आडवं पडून जाताना वरचे पंखे मागं पळताना दिसतील, चक्कर आल्यागत वाटंल. आत गेल्यावर थंडी वाजंल. ती एसीची थंडी हाय, मरणाची न्हाय. तोंडाला रबरी वासाचं कायतरी लावतील. आणि जाग आली की घशात खरखर असंल, पाणी मागाल, आणि मी देणार न्हाय. तवा शिव्या द्यायच्या न्हाईत."

"देणारच की," मावशी म्हणायची.

"मग हळू द्या. शेजारची झोपलेली असती."

या बसण्यावरून मेट्रनबाईंचं आणि त्यांचं कायमचं वाजलेलं. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांना बसलेली नर्स सहन होत नसे. "कांबळे, लोकांना वाटतं आपल्याकडे कामं नाहीत. उभ्यानं बोलता येत नाही का?"

"येतं की मॅडम. पण उभ्यानं बोललं की पेशंटला वाटतं मी निघालेच आहे. मग तो विचारायचं तेच विचारत नाही."

"हे तुमचं मत झालं. कागदावर दाखवा."

कागदावर दाखवायचं, हे शालन सिस्टरांच्या मनाने घेतलं. त्याच सुमाराला नोकरीतल्या नर्सेससाठी टपालाने शिकायची एक पदवी निघाली होती. आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची जागा रिकामी होणार होती, पदवी मिळाली तर तिला अर्ज करता आला असता. वयाची अट होती आणि त्यांच्यासाठी ती शेवटची संधी होती. मला म्हणाल्या, "बाई, मी एकटी किती खाटांपाशी बसणार? शिकवायला मिळालं तर दरसाल एक वर्गभर पोरी बसायला शिकतील."

पदवीसाठी एक छोटं संशोधन करावं लागे. त्यांनी विषय घेतला: ऑपरेशनआधी नर्स पेशंटशी बसून बोलली, तर भीती कमी होते का? अहवाल इंग्रजीत लिहायचा होता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दर रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे. मी त्यांना रंगीत पुठ्ठ्याच्या फाइली करून दिल्या, प्रत्येकीवर लेबल. तुम्ही माझ्या लेबलांना हसता, पण शालन सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या औषधाच्या कपाटाला लेबलं लावायला पण तुम्हीच या."

पहिली अडचण प्रश्नावलीची. मार्गदर्शक बाई पुण्याच्या होत्या, त्यांनी छापील प्रश्न पाठवले होते. 'आपणांस या क्षणी कितपत चिंताग्रस्त वाटते? शून्य ते दहा यांपैकी अंक सांगा.' सिस्टरांनी तो पहिल्यांदा शिवाजी पेठेतल्या एका पैलवानाच्या आईला विचारला. म्हातारी ताठ बसून म्हणाली, "दहा! आमच्यात कुणी कमी सांगत न्हाय." दुसरी बाई म्हणाली, "बरं हाय." तिला काहीही विचारलं तरी बरं हाय. तिचे हात मात्र पदराला पीळ घालत होते.

सिस्टर वैतागून माझ्याकडे आल्या. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याकडे कामाला येणारी बाई दारातूनच सांगत आली, की नदीकडेच्या गल्लीत काल पुराचं पाणी घोट्याएवढं होतं, आज गुडघ्याला लागलंय. शालन सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, घराची काळजी लागली. तर त्या म्हणाल्या, "हिला कुणी शिकवलं हो मोजायला?"

पुढच्या आठवड्यापासून वॉर्डात नवा प्रश्न आला. "भीतीचं पाणी कुठवर आलंय?" घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा आणि डोक्यावरून. पंचगंगेच्या काठच्या बायकांना याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. 'बरं हाय' म्हणणाऱ्या बाईने हात छातीवर ठेवला. पैलवानाची आई म्हणाली, "आता खरं सांगू व्हय? गळ्याला हाय. पण पोराला सांगू नगा."

मार्गदर्शक बाईंनी ते मान्य केलं. खरी पंचाईत पुढे होती. संशोधन म्हटलं की दोन गट लागतात. एका गटाशी बसून बोलायचं. दुसऱ्याला नेहमीचं सगळं द्यायचं, औषध, तपासणी, गरजेच्या सूचना, पण स्टूल ओढून बसायचं नाही. मग दोघांचं पाणी मोजून बघायचं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा सिस्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे अर्ध्या वॉर्डाशी अबोला धरायचा?"

"थोडे दिवस."

"भांडण न्हाय, तंटा न्हाय, आणि अबोला." त्यांनी मान हलवली, पण कामाला लागल्या.

आधी त्यांनी खिडकीकडची ओळ बोलण्याची आणि भिंतीकडची अबोल्याची ठरवली. ते चार दिवसही टिकलं नाही. खिडकीकडे दुपारी सांगितलेलं सगळं संध्याकाळच्या भाकरीबरोबर भिंतीकडे पोचायचं, वर थोडं तिखटमीठ लावून. "सिस्टर म्हणाल्या पंखे पळत्यात" याचं भिंतीपर्यंत "वर भिंगरी लागती आणि माणूस उडतो" असं झालं. मग आठवडे वाटून घेतले. एक आठवडा बोलण्याचा, पुढचा अबोल्याचा. म्हणजे आधीचे पेशंट बहुतेक घरी गेलेले असायचे.

अबोल्याच्या पहिल्याच आठवड्यात जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. शालन सिस्टर मुकाट्याने ताप बघतायत, मुकाट्याने पुढे जातायत, हे पाहून सगळ्या वॉर्डाला त्यांचीच काळजी लागली. तिसऱ्या दिवशी एका पेशंटच्या सासूने डब्यातून खरवस आणला. "आमच्या म्हशीचा हाय. खावा. काय झालंय घरात?" दुसरीने विचारलं, "आमचं काय चुकलं का?" तिसरीने सगळ्यांच्या वतीने निकाल दिला, "नवऱ्याबरबर भांडण हाय. मी बघूनच वळखलं." आणि ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर "पाणी कुठवर?" विचारायला गेल्या, तेव्हा एका बाईने त्यांचाच हात धरला आणि म्हणाली, "माझं राहू दे. तुमचं कुठवर आलंय?"

हे सांगताना त्या रविवारी टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बाई, हे कुठल्या फाइलीत घालायचं?"

मी म्हणाले, "कुठल्याच नाही."

असेच आठवडे गेले. आकडे जमत होते आणि आम्हा दोघींना दिसत होतं, की बोलण्याच्या आठवड्यात पाणी खरंच उतरतंय. शेवटचा एक अबोल्याचा आठवडा उरला होता. त्यानंतर अहवाल टाइप करून टपालात टाकायचा. मुदत इतकी जवळ होती की आणखी एक आठवडा घेणं शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात हिराबाई आली. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती भाकऱ्या थापायची. पोटात गाठ होती, मोठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लगेच काढायला हवी. हिराबाईने अंगठा दिला, रक्त तपासून दिलं, सगळं केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिकवणं संपवून वॉर्डात एक कागद द्यायला गेले, तर ती चपला घालून, पिशवी काखेत मारून दाराशी उभी. मुलगा कारखान्यात पाळीला गेला होता. तिला अडवणारं कुणी नव्हतं.

एक तरुण नर्स म्हणत होती, "मावशी, असं जाता येत नाही."

"मी काय तुरुंगात हाय? हे कळंब्याचं जेल न्हवं." हिराबाईचा आवाज चढला होता. "माझी जाऊ अशीच गेलती आत. भूल दिली ती दिली. उठलीच न्हाय. मला जाऊ दे. तीनची गाडी हाय."

शालन सिस्टर वॉर्डाच्या मध्यावर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं मला सगळं समजलं: शेवटचा आठवडा, टपालाची मुदत, ट्यूटरची जागा. मी मान हलवली असेल तर ती 'नको' अशीच हलवली असेल. आज ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

त्यांनी स्टूल उचललं. नेहमीसारखं ओढलं नाही, उचलून थेट दारापर्यंत आणलं आणि दारातच मांडलं, जाण्यायेण्याच्या वाटेवर. स्वतः बसल्या.

"हिराबाई, तीनची गाडी चुकली तर चारची हाय. जावेचं सांगा. काय नाव तिचं?"

हिराबाई उभी राहूनच सांगू लागली. मग भिंतीला टेकली. मग खाली फरशीवर बसली, आणि सिस्टरही स्टुलावरून उतरून फरशीवर बसल्या. जावेचं नाव, तिची पोरं, तिला कुठे नेलं होतं, आधीपासून दम होता का, डॉक्टरांना सांगितलं होतं का. "कुणी विचारलंच न्हाय," हिराबाई म्हणाली. सिस्टरांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिथे बोलावून आणलं आणि हिराबाईला त्यांना हवं ते विचारायला लावलं. तिने विचारलं, "उठवणार कोण मला? तुमी का ही?" डॉक्टर म्हणाले, "मी उठवणार, पण हाक या मारतील." चार वाजून गेले. सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसून ऐकत होता. अबोल्याचा आठवडा तिथेच संपला.

हिराबाईची गाठ निघाली. हाक शालन सिस्टरांनीच मारली.

त्या रविवारी त्या आल्या तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणाले, "हिराबाईचा कागद बाजूला ठेवा. त्या आठवड्यातल्या बाकीच्या पेशंटांशी तुम्ही वेगळं बसून बोलला नव्हता ना? मग त्यांचे आकडे राहू देत."

"सगळ्यांनी ऐकलं ना बाई."

"ते कुणाला कळणार आहे?"

त्या बराच वेळ फाइलीच्या लेबलावरून बोट फिरवत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर कधी सांगितलं नाही.

त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या आईला इस्पितळात नेलं होतं. त्यांचं घर बौद्ध, गाव कागलच्या पलीकडचं. "आमच्या खाटेपाशी कोण थांबतंय तवा? लांबनं नाव घ्यायची, गाडीवर घालायची, आणून ठेवायची. आई बरी होऊन घरी आली. तिला अजून एक लेकरू हवं होतं. दर महिन्याला वाट बघायची. दीड वर्षानं दुसऱ्या एका डॉक्टरनं सांगितलं, की तुमची पिशवीच काढलीया की. दीड वर्ष, बाई. काढली त्याचं तिला काय न्हाय वाटलं. सांगितलं न्हाय, त्याचं वाटलं. शेवटपर्यंत."

मी चहा करायला उठले, कारण बसवेना.

आत गेल्यावर त्यांचा मोठा आवाज ऐकू आला, नेहमीचा, "मग आता कागदावर पण खरंच लिहू. इंग्रजी तेवढं बरं करून द्या."

मी ते वाक्य इंग्रजीत लिहून दिलं. अहवालाची प्रत अजून माझ्या कपाटात आहे. त्याचं मराठी असं होईल: शेवटच्या आठवड्यात संशोधिकेने स्वतःच ठरवलेला नियम मोडला, त्यामुळे त्या आठवड्याची माहिती या अभ्यासासाठी वापरता येणार नाही. मी 'परिस्थितीमुळे मोडावा लागला' असं सुचवलं होतं. त्यांनी 'परिस्थितीमुळे' खोडलं. "मीच मोडला."

दोन महिन्यांनी पाकीट परत आलं. पाण्याच्या मोजणीपाशी मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलने बरोबरची खूण केली होती. शेवटी लिहिलं होतं की दुसऱ्या गटाची माहिती अपुरी आहे, तो भाग पुन्हा करून पुढच्या सत्रात सादर करावा. पुढच्या सत्रापर्यंत ट्यूटरच्या जागेच्या अर्जाची मुदत निघून जाणार होती. तरी पदवी मिळाली असती. मी पुन्हा कोऱ्या फाइली काढल्या.

शालन सिस्टरांनी त्या नीट एकावर एक रचल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. "बाई, परत तेवढे आठवडे गप्प बसायचं, ते मला जमायचं न्हाय. एकदा केलं ते कळत नव्हतं म्हणून."

ट्यूटर म्हणून त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असलेली एक मुलगी आली. हुशार होती. वर्गात ती पुस्तकातलं शिकवायची आणि महिन्यातून एकदा सगळ्या मुलींना शालन सिस्टरांच्या वॉर्डात उभं करायची. मुली वह्या काढायच्या. सिस्टर म्हणायच्या, "लिवतायसा काय? बसा आधी. त्या खाटेवरल्या आक्कांना त्यांच्या म्हशीचं विचारा." मेट्रनबाईंनी शेवटपर्यंत बसण्याला परवानगी दिली नाही, पण निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी त्या स्वतः हर्नियाच्या ऑपरेशनला आल्या, तेव्हा त्यांनी खास मागून घेतलेली खाट शालन सिस्टरांच्या वॉर्डातली होती. त्यावर शालन सिस्टर एवढंच म्हणाल्या, "छातीपर्यंत होतं. मी कुणाला सांगितलं न्हाय." म्हणजे मला सांगितलंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्त झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, मध्यवर्ती बसस्थानकावर. मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. त्या गावाकडच्या गाडीत खिडकीपाशी बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, पांढऱ्या साडीच्या जागी हिरवी काठाची. हाक त्यांनीच मारली, अख्ख्या स्टँडाने वळून पाहिलं.

खिडकीखाली उभी राहून मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. त्या पदवीचं वाईट वाटतं का?

मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "लई वाटतं. शिकवायला आवडलं असतं मला. फळ्यापुढं उभं राहून." मग म्हणाल्या, "तुमचं पण इतकं इंग्रजी वाया गेलं."

एवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक तरुण बाई येऊन बसली होती, मांडीवर एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी निरोपाला हात वर केला. पण शालन सिस्टर माझ्याकडे पाठ करून वळल्या होत्या आणि गाडीच्या आवाजावरूनही मला स्पष्ट ऐकू आलं, "कुणाचा हाय ग फोटो? तुझाच? काय म्हणाले डॉक्टर, सांगितलं का नीट?"

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.